दोन निळे

टेबलावर शहर अंथरलंय.
चार कोपऱ्यांना चार वजनं: स्टेपलर, पंचिंग मशीन,
माझी चष्म्याची डबी, मगदूम साहेबांचा जेवणाचा डबा.
तरी सांगली सारखी कड उचलते,
गुंडाळी व्हायला बघते.
संगणकात सगळं आहे, पण साहेबांना कागद लागतो.

वीस वर्षांनी लोक खरेदीला कुठं जातील
ते या महिन्यात ठरवायचंय.
निवासी पिवळा. शेती हिरवी. व्यापारी निळा.
निळ्यात सरकते जिने चालतील, तळघरात गाड्या,
काचेआड उभे बिनडोक्याचे पुतळे चालतील.
बाकी ठिकाणी अर्ज करा,
आम्ही नाकारू.

पाटबंधारे खात्याची रेघ आधीच आलीय.
पुराची. तीही निळीच.
साहेब म्हणाले, नांद्रेकर बाई,
हे दोन निळे एकमेकांत मिसळू देऊ नका.
कागदावर नाही मिसळणार, सर, मी म्हटलं.

ही रेघ गावभागात शिरते, दोन बोळ ओलांडते,
आणि आमच्या स्वयंपाकघरातून जाते.
ओटा आत, फडताळ बाहेर.
मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.
ओटा आतच.
त्या ऑगस्टात पाणी फडताळाच्याही वर होतं,
पण रेघेला ते माहीत नाही.

सुनावणीला एकशे बासष्ट हरकती.
हरभट रोडवरचे धनपाल आवटी, भांड्यांचं दुकान,
मॉल काढायचा तर कुपवाडला काढा म्हणाले.
आमच्यात गिऱ्हाईक पातेलं हातात घेतं,
बोटानं वाजवतं,
नाद आवडला तर भाव विचारतं.
तिथं वाजवू देतात का?
याला उत्तर देण्याची तरतूद नव्हती.
नोंद घेतली.

हरिपूरचे जिनगोंडा चौगुले उशिरा आले,
सात-बारा छातीच्या खिशात घडी घालून.
पेवं बुडाली आमची, म्हणाले.
जमिनीच्या पोटातली हळद कुजून वर आली,
तुमच्या या पिवळ्यापेक्षा पिवळी.
आता तिथं काय ठेवायचं?
आमच्या रानाला निळं करा की, बाई.
मॉलवाला बघून गेलाय.

मी नकाशा त्यांच्याकडं फिरवला.
काका, तुमचं रान निळंच आहे.
पण ते दुसरं निळं.

त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं त्या जागेवर,
जसं नाडी बघताना ठेवतात.
मग विचारलं,
ह्या निळ्याचा भाव काय चाललाय?

शेवटी तमन्ना बागवान. फळांचा गाडा, मंडईबाहेर.
लेखी काही नाही, पावती नाही,
शिपाई तिला परत पाठवत होता.
एकच विचारायचंय म्हणाली,
माझ्या गाड्याचा रंग कुठला?

एक सेंटिमीटरला चाळीस मीटर.
तिचा गाडा अर्धा मिलिमीटर,
माझ्या पेनच्या टोकाएवढा.
आणि तो सकाळी पुलाच्या बाजूला असतो,
संध्याकाळी मारुती चौकाकडं.
नकाशाला न हलणारी माणसं लागतात.
मी तसं म्हटलं नाही.
बघते, म्हटलं.

मिरज रस्त्याला एक बंद तेलगिरणी आहे.
धुराडं आहे, बाभळी आहेत, रविवारी पोरं खेळतात.
उंच जागा. पाणी कधी पोचलं नाही.
तिथं व्यापारी निळा भरला.
सगळ्यांना पटला, म्हणजे कुणालाच फारसा नको होता.
पोरांची हरकत आली नव्हती.

साडेसहाला सुटले. तमन्ना मारुती चौकात होती.
बल्ब गाड्याला लटकवलेला, खाली सीताफळं,
त्यांचे डोळे उघडायला लागलेले.
एक किलो दे, म्हटलं.
तिनं तागडी धरली, वर एक फळ जास्त टाकलं,
आणि माझ्याकडं न बघता विचारलं,
मिळाला काय रंग?

मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.