याच्यानंतर काय

आमच्या सोसायटीची रद्दी आधी
बिभीषण ढगेंच्या केबिनमध्ये उतरते,
मग भांडुप स्टेशनजवळ काट्यावर जाते.
मधल्या दोन रात्रींत ते वाचून घेतात.

'ही नका नेऊ मॅडम,
शेवटी सगळ्यांचं सगळं नीट होतं.'
'ही न्या. पहिली चाळीस पानं तेवढी सोसा.'
'ही एकट्या असताना नको.'
का, ते सांगत नाहीत.

बी विंगमधल्या प्राध्यापकांनीही
यादी दिली होती मला, टाइप केलेली,
क्रमांक घातलेली.
फ्रिजवर लावली. पिवळी पडली.

मार्चमध्ये मी ढगेंना माझं एक पुस्तक दिलं,
बाइंडिंग सुटलेलं,
नवऱ्यालाही कधी न दिलेलं.
चार दिवस ते काही बोलले नाहीत,
येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर
लिहीत राहिले.

पाचव्या दिवशी लिफ्टपाशी गाठलं.
पुस्तकाच्या पाठीला डिंक लावलेला,
वर वर्तमानपत्राचं कव्हर.
'आता याच्यानंतर काय?'

लिफ्ट आली, गेली.
पिशवीतल्या मेथीचं पाणी
चपलेवर ठिबकत होतं.
म्हटलं, बारा वर्षं झाली ढगे,
मीही तेच शोधतेय.

त्यांनी रजिस्टर मिटलं
आणि स्टूल पुढे सरकवलं.