हजारामागे किती

शहाद्याच्या अलीकडे, तापीकाठच्या पांढरीत
चौथ्या थरावर आम्ही थांबलो आहोत.
राख, एक चूल, चोपून घट्ट केलेली जमीन.
वर कडब्याच्या सावलीला सुपडूआप्पा,
हातात खुरपी नाही, बिडी नाही,
माझा मोबाइल.

पेरू म्हणजे फळ नाही आप्पा, देश.
समुद्राकाठी वाळवंट, त्यात कच्च्या विटांचा
माणसांनी रचलेला डोंगर.
माथ्यावर देऊळ होतं.
सोन्यासाठी नंतरच्यांनी नदी वळवून
त्याची एक कूस धुऊन नेली.

"वर खारी टाकेत का?" आप्पा विचारतो.
त्याचं धाबं गेल्या साली गळलं होतं.

तिथे एक हंगाम मी ब्रशने धूळ झाडली.
परतल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं :
माणसांचे बळी देत ना? कवट्या पाहिल्यास?
आत्याने तर जेवता जेवता.

आप्पा फोटो दोन बोटांनी ताणतो.
एका विटेवर अर्धा चंद्र,
पुढच्या थप्पीत तीन टिंबं, मग पावलाचा ठसा.
"हाई खून शे."

मी दचकते.
त्याच्या जिभेवर ण नसतो,
दीड महिन्यात मला कळायला हवं होतं.

"जेनी ईट, तेनी खून.
नही तं मुकादम दुसराना नावावर मांडी टाकस."
भट्टीवर त्याची अठरा वर्षं गेली.
मग, अगदी सहज :
"हजारमांगे काय देत व्हतात?"

या खुणांवर मी जाड जाड निबंध वाचलेत.
कुळं होती त्यांत, दिशा, देवता, चंद्राच्या कला.
भाव कुणी विचारला नव्हता.

पैसा नव्हता तेव्हा, मी म्हणते.
मका देत असतील, कापड. मक्याची दारू.
"मंग एखादा पी सन
खून लावाले इसरना व्हई,"
आप्पा मोबाइल परत देतो, धोतराला पुसून.
"तेनी ईट फुकट गई."
आणि खड्ड्यात उतरतो.

रात्री तंबूत मी फोटो उघडून मोजते.
एकशे चौदा विटा.
नऊ कोऱ्या.
पुन्हा मोजते, तर दहा.

शनिवारी मस्टरवर अंगठे.
आप्पाचा नेहमी जरा जास्तच दाबलेला,
पुढच्या पानावर उमटतो,
तिथे अजून कुणाचंच नाव नाही.