कॅसेटमधला कागद

वडगावात वीज गेली, माग थांबले,
की मल्लेशी कॅसेटमधली घडी उलगडतो.
इटलीचा बँड. अक्षर मुंगीएवढं.

कॅम्पातले फादर मिंगेल चष्मा पुसतात:
ही ओळ प्रार्थनेतली, मुद्दाम उसवलेली.
ही बंदरातली शिवी.
ही कुणा कैद्याच्या पत्रातली, उसनी,
परत न केलेली.

‘आणि ह्यो शब्द वो?’

फादर थांबतात.
‘कोशात नाही. त्याच्या गावचा असेल.’

मल्लेशीला हसू येतं.
धोटा अडकला की आई एक शब्द पुटपुटायची.
मराठीत विचारलं, तर म्हणे कानडी असंल;
कानडीत विचारलं, तर म्हणे मराठी.

‘लिहून दे मला,’ फादर म्हणतात.

तो पेन उघडतो.
कुठल्या अक्षरांत?
चहावर साय धरते.