परत बोलावण्याचा अर्ज

फाइल विकत घ्यावी लागते, हे आम्हाला माहीत नव्हतं.
दोन मेंढ्या विकून ती मी लीमाहून मागवली:
निळं पाकीट, आत रकाने छापलेले कागद.
नाव, ओळखपत्राचा क्रमांक, सही, अंगठा.
वर कारण लिहायला चार ओळींची जागा.

लिहिलं: महापौर एफ्राइन वामानी गावात राहत नाहीत.
लिहिलं: नळ बसवले, पाणी नाही.
लिहिलं: चौकात सिमेंटचा मासा आहे, दोन पुरुष उंच,
सणाच्या दिवशी त्याच्या तोंडातून कारंजं उडतं, टँकर लावून.
चौथ्या ओळीत शिक्का.
शिक्का त्यांच्या पिशवीत, पिशवी शहरात,
शहर बसने अकरा तास.

माझ्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला
शिक्क्यासाठी सात आठवडे हिंडत होता,
तेवढे दिवस तो कागदावर जिवंत राहिला.
हे लिहिलं नाही. ओळी संपल्या होत्या.

पुकारुमीत मतदार चारशे बारा.
चौथा हिस्सा हवा, म्हणजे एकशे तीन.
मी उंबरे झिजवले, बटाट्याच्या सऱ्यांमधून गेले,
शाईची डबी पदराखाली, थंडीने गोठू नये म्हणून.
कुणी म्हणालं, तो माझ्या मुलीचा धर्मपिता आहे, बाई.
कुणी म्हणालं, नवा तरी काय करणार,
तोही शहरात घर बांधेल.
लाउरेआनोने सही केली, आणि अंधार पडल्यावर येऊन
खोड म्हणाला. भावाला रस्त्याच्या कामावर घेतलंय.
मी खोडली नाही.
तेव्हापासून मी दिसले की तो खेचराशी बोलतो.

शेवटचं घर नदीच्या वळणावर,
महापौरांच्या आईचं.
मी मागे फिरणार होते. तिनेच हाक मारली,
मेंढीचं कातडं अंथरलं, उकडलेले बटाटे पुढे सरकवले.
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?
मी फाइल मांडीवर उघडली.

तिला वाचता येत नाही. मला खोटं बोलता येईना.
आमच्या केचुआत या गोष्टीला शब्द नाही,
जवळचा सापडला तो वापरला:
एफ्राइनला परत बोलावण्याचा अर्ज आहे, सातुर्निनामावशी.

तिने हात घागऱ्याला पुसले.
रकान्यांवरून बोट खाली खाली नेत राहिली.
'एवढी माणसं बोलावतायत?
मी नऊ वर्षं एकटीच.'
आणि अंगठा पुढे केला.

मी तिचं मनगट धरून थांबले. म्हणाले, मावशी,
म्हणजे त्याला खुर्चीवरून काढायचं आहे.
'कळलं मला,' ती म्हणाली,
'काढलं की जाईल कुठे?'

उत्तर आलं पेरणीच्या दिवसांत.
एकशे नऊपैकी नऊ बाद. तीन कमी.
पाच जणांचे क्रमांक चुकले, एक सही दोनदा,
दोघं मयत, त्यांतला एक मला उत्तर वाचून दाखवत होता,
आणि एक अंगठा: 'रेषा अस्पष्ट.'

साठ वर्षं खडकाळ मातीतून बटाटे उकरलेत त्या अंगठ्याने.

सणाला महापौर आले. मासा पाणी ओकला.
त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले, माझेही,
हात मऊ होते, आणि त्यांना माझं नाव आठवत होतं.
आईकडे गेले तेव्हा बस भोंगा वाजवत होती.

उरलेला एक कोरा कागद तिने माझ्याकडून मागून घेतला.
शपथविधीच्या फोटोखाली खिळ्याला अडकवलाय.
त्यावर काळे डाग आहेत,
चुलीच्या काजळीत बुडवून उमटवलेले,
एकाखाली एक, रकान्यांत नीट.
रेषा येतात का पाहत असते, म्हणाली.

मेंढ्या आता माझ्याकडे नाहीत.
शेजारणीची दोन कोकरं अर्धेलीने घेतली आहेत.
खातात बरी.