सैल दोर

हर्णै बंदरावर, बर्फाच्या फॅक्टरीवरल्या खोलीत
मी, एक लॅपटॉप
आणि मच्छीमार सोसायटीचं जुनं काम:
बर्फ, डिझेल, लिलावाचा भाव, वाऱ्याचा अंदाज
कोणीतरी एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलेलं,
जाळ्यात जाळं अडकावं तसं.
डिझेलचा दर बदलला की बर्फाची नोंद बंद पडायची.

सहा महिने एकेक गाठ सोडवत गेले.
आता वारा वाऱ्यापुरता, भाव भावापुरता.
कोणी विचारलं तर ठरल्या शब्दांत उत्तर द्यायचं,
आत काय चाललंय ते सांगायचं नाही.
डिझेलची सेवा कुठल्या भाषेत लिहिलीय
हे बर्फाला अजून माहीत नाही.
त्याचं काही अडलेलंही नाही.

बाबा खाली होडी बांधत होते.
"दोर ताणून बांधलंस," म्हणाले,
"तर भरतीला खुंटा तरी उपटंल, नायतर नाळ तरी."
मी ते वहीत लिहिलं,
वरती कंसात कुठलीच तांत्रिक संज्ञा न देता.

काल तिन्हीसांजेला, लिलाव ऐन भरात, वीज गेली.
बर्फाचा सर्व्हर फॅक्टरीतच; तो गप्प.
लिलावाच्या पानानं तीस सेकंद वाट पाहिली,
बर्फाच्या रकान्यात आडवी रेघ मारली
आणि सुरमईचा भाव दाखवत राहिलं.

खिडकीखाली यासीन मुकादम ओरडला,
"बर्फ हाय काय?"
कोणी बोललं नाही.
पुन्हा एकदा ओरडला.
मग पाटीवर ओलं गोणपाट टाकून
बोली लावायला गेला.