दोनवान

पिशवीतून तिनं आधी काढली जहाजाची यादी,
मग चष्मा, मग पाण्याची बाटली.
म्हणाली, ह्याचा भाऊ अमेरिकेला पोचला, मी त्याची.
हा पलटणीत गेला. पुढं काही नाही.
घरात एक पत्र होतं म्हणे, वर 'कोलापोर' लिहिलेलं,
कुणीतरी थंडीत जाळलं.

मी बत्तीस वर्षं दप्तरखान्यात मोडी वाचतोय.
माणसं येतात ती जातीची नोंद काढायला,
भावकीवर दावा लावायला.
बटाटा सडला म्हणून घर सोडलेल्याला
शोधत आलेली ही पहिलीच.
मी म्हटलं, बटाटा म्हणजे तोंडी लावणंच की.
नाही, ती म्हणाली, तोच भात, तीच भाकरी.
एका रात्रीत वावर काळं पडलं, घाण सुटली,
आणि बंदरातून धान्याची गलबतं
बाहेर जात राहिली, रोज.
हे मला लगेच कळलं.
दुभाषा पोरगा तोंड उघडायच्या आधी.

लाईन बझारकडनं आत, बाभळीतून,
गोऱ्यांची जुनी दफनभूमी.
अक्षरं पावसानं चाटून नेलेली.
राखणदार शांतवन आवळे बोलला नाही काही,
घरी जाऊन रांगोळीचा डबा घेऊन आला,
मूठभर दगडावर टाकली, तळव्यानं पुसली.
खाचांत तेवढी राहिली.
एक कॅप्टन. एक कॅप्टनची बायको.
एक सतरा दिवसांचं पोर, त्याला केवढा थोरला दगड.
बाई गुडघ्यावर, हात पांढरे कोपरापर्यंत.
शिपायांचे कुठले, तिनं विचारलं.
शांतवननं घाणेरीच्या जाळीकडं बोट केलं,
तिकडं सगळे बिनदगडाचे.

चौथ्या दिवशी दुपारी, रुमाल एकशे बारा,
झुरळानं खाल्लेल्या कडेला:
दोनवानगोरातापानेमयतमागेसगुनावपोरयेक

असंच. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत.
कारकुनानं कानानं ऐकलं तसं टाकलं,
बोरू न उचलता, गोरा आणि सगुना एका दमात.
मी फोडून सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं.
पोराचं नाव?
पुढची ओळ घोड्याच्या चंदीची होती. दोन शेर.

संध्याकाळी गंगावेशीत वडा खायला नेलं.
गाडीवर पाटी: दोनवडे बंधू.
ती पाटीकडं बघत राहिली, दुभाष्यानं वाचून दाखवल्यावर तर जास्तच,
मग धाकट्या दोनवड्याच्या डोळ्यांत बघितलं.
तो लाजला.
काळेभोर डोळे, माझ्यासारखे, कुणासारखेही.
आम्ही दोनवडे गावचे, तो म्हणाला, पहिल्यापासनं.
पहिल्यापासनं म्हणजे कधीपासनं, ते त्याला सांगता येईना.
आणखी एक वडा त्यानं फुकट दिला.
तिनं तो फोडला, आतला पिवळा बटाटा
बराच वेळ नुसता बघितला,
मग खाल्ला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं,
तिखटानंच म्हणू.

जाताना विचारलं, तुमच्यातलं कुणी गेलं होतं?
शहात्तरच्या दुष्काळात, मी म्हटलं,
खापरपणज्याचा भाऊ घाट उतरून गेला.
कुणी म्हणतं मुंबई, कुणी म्हणतं मॉरिशस.
नाव?
आमच्याकडं माणसं नावं ठेवतात, बाई,
पण ती गेलेल्याला. त्याचं नाही.
पोरगा अडखळला, हे त्याला इंग्रजीत आणता येईना,
मी म्हटलं, राहू दे.

बत्तीस वर्षं हजारो रुमाल सोडले,
दुसऱ्यांच्या पणज्यांसाठी.
आपल्यासाठी नाही सोडला एकही.
वेळ नव्हता असं नाही.

काल डबा खाल्ल्यावर शहात्तरचा पहिला काढला.
गाठ ओल धरून आवळलेली,
नखं लावून बघितली, दातानं बघितली.
साहेब आले, म्हणाले, पाटील, कुणाचं काम आहे?
मी म्हटलं,
एकाचं आहे.