गव्हाणीच्या जागी

कौलं उतरवली तेव्हा खाली सापडल्या
अक्रोडाच्या टरफलांच्या राशी, एक विळा,
आणि कुणाची तरी अर्धी कवळी.
ब्राइस हसत सुटला. मी नाही.
तुळई पोखरलेली निघाली.
पैसे मार्चमध्येच संपले,
गॅलिशियाचा पाऊस संपेना.

खालच्या गोठ्यात आता न्हाणीघर,
गव्हाणीच्या जागी पांढराशुभ्र टब.

काल तिन्हीसांजेला दाराशी धाप ऐकू आली.
दोसिंदाची म्हातारी गाय, मारेला,
काचेला नाक लावून उभी.

"बारा वर्षं ती इथंच बांधलेली,"
दोसिंदा धावत आली, दावं हातात,
"घर विकलं, हे तिला कुणी सांगितलं?"

मी दार उघडलं.
टबातलं माझं कोमट पाणी
ती सावकाश प्यायली,
शेपटीनं साबणाची वडी उडवली,
आणि जिथं खुंटा होता
तिथं जाऊन उभी राहिली.